एसी-हीटिंगचा फिल्टर नक्की किती दिवसांनी बदलायचा? खोक्यावर ९० दिवस, आमचा ३८व्या दिवशी तुंबला

ओलीमाती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गार आणि गरम हवेसाठी एकच डक्टवाली यंत्रणा आहे. फिल्टर रिटर्नच्या (घरातली हवा यंत्राकडे परत ओढणाऱ्या वाटेच्या) जाळीमागे बसतो, २० बाय २५ बाय १ इंच, घड्यांचा. खोक्यावर ठळक अक्षरांत '९० दिवसांपर्यंत' छापलेलं. मी फिल्टर बसवला, फोनवर तीन महिन्यांनंतरची आठवण लावली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

३८व्या दिवशी भर दुपारी घर गार होईना. यंत्राचा आवाज नेहमीसारखा येत होता, पण झरोक्यासमोर हात धरला तर नुसती फुंकर. आतल्या युनिटपाशी जाऊन बघते तर तांब्याच्या जाड नळीवर बोटभर बर्फ. मला वाटलं गॅस संपला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मात्र सगळ्यात आधी फिल्टर ओढून काढला. तो मधोमध आत वाकला होता आणि त्याच्यावर अक्षरशः राखाडी गोधडी अंथरलेली. बोटाने रेघ ओढली तर थर कापसासारखा गुंडाळत वर आला, आणि खालचा कागदही राखाडीच. बर्फ वितळायला पाच तास लागले. त्याने नवा फिल्टर बसवला, आणखी काहीही केलं नाही, आणि यंत्र नीट चालायला लागलं.

मागे वळून बघितल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. त्याच काळात आम्ही दोन खोल्यांच्या भिंती घासून रंगवल्या होत्या, आणि घरात कुत्रं आलं होतं. पण मग ९० दिवस हा आकडा कशाच्या आधारावर लिहितात? कुणी ३० सांगतं, कुणी सहा महिने. तुम्ही कसं ठरवता?

निळीशाई

आम्ही दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो. मळलेला असो वा नसो. डोक्याला ताप नाही.

पानापक्कड

ओलीमाती, ९० दिवस हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या घराचा नाही. 'पर्यंत' या शब्दावर सगळी मदार आहे. मी ही यंत्रं दुरुस्त करण्याचंच काम करतो, तर जरा सविस्तर लिहितो.

फिल्टर दिवसांनी भरत नाही, त्यातून गेलेल्या हवेने आणि त्या हवेतल्या धुळीने भरतो. गार करण्याच्या यंत्रात एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरवतात. तुमचं यंत्र ३ टनांचं धरलं तर १२०० घनफूट. तासाला ७२,००० घनफूट. २००० चौरस फुटांचं आणि ८ फूट उंचीचं घर म्हणजे १६,००० घनफूट हवा. म्हणजे पंखा सलग चालला तर घरातली सगळी हवा तासाभरात साडेचार वेळा त्या एका चौकटीतून जाते. आता एका घरात पंखा दिवसाला ६ तास चालतो आणि दुसऱ्या घरात १६ तास. ९० दिवसांत पहिल्याचे ५४० तास होतात, दुसऱ्याचे १४४०. दोघांना एकच तारीख कशी लागू पडेल?

त्यात तुमची भिंत घासण्याची धूळ. ती पिठासारखी बारीक असते आणि घड्यांमध्ये जाऊन बसते. बांधकाम किंवा घासकाम चालू असेल तर यंत्र बंद ठेवायचं, रिटर्नच्या जाळ्या झाकायच्या. बंद ठेवणं शक्य नसेल तर जाळ्या उघड्याच राहू द्या (झाकून यंत्र चालवलं तर पुन्हा हवाच अडणार), स्वस्तातला फिल्टर लावा, रोज बघा आणि काम संपल्यावर फेकून द्या. घासकामात एक फिल्टर आठवड्यात संपलेलाही मी पाहिला आहे.

बर्फ का झाला तेही सांगतो, कारण बहुतेक लोक तुमच्यासारखंच गॅसवर येतात. कॉइलमधून थंड द्रव फिरतो, त्याला घरातल्या हवेकडून उष्णता मिळत राहावी लागते. हवाच कमी पोचली की कॉइलचं तापमान शून्याखाली उतरतं आणि हवेतली वाफ पाणी होण्याऐवजी तिथेच गोठते. बर्फाने उरलीसुरली वाट बंद होते, मग आणखी बर्फ. गॅस कमी असला तरी बर्फ होतो, म्हणून आधी फिल्टर बघायचा, तो स्वच्छ असेल तर पुढचा विचार. आणि बर्फ दिसला की लगेच कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. चाकू-स्क्रूड्रायव्हरने खरवडायला जाऊ नका, कॉइलचे पत्रे कागदासारखे पातळ असतात, आणि नळीला भोक पडलं तर मोठं काम निघतं.

हिवाळ्यात हेच उलटं होतं. फर्नेसमध्ये (इंधन जाळून हवा तापवणाऱ्या भागात) हवा कमी पडली की आतली उष्णता बाहेर निघत नाही, तापमान मर्यादेबाहेर गेलं की लिमिट स्विच बर्नर बंद करतो. थोडं निवलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. घर काही तापत नाही. वारंवार असं झालं तर हीट एक्स्चेंजरच्या धातूवर ताण येतो. त्याला तडा जाणं ही गंभीर गोष्ट आहे, कारण ज्वलनाचे वायू तिथेच घरातल्या हवेपासून वेगळे ठेवलेले असतात.

गणितीकिडा

पानापक्कड, उत्तम प्रतिसाद. एक प्रश्न. आमचं यंत्र नवीन आहे, फिल्टर काळा पडला तरी हवा कमी झाल्यासारखी कधी वाटलीच नाही. मग आमच्याकडे फरक पडत नाही असं समजायचं का?

पानापक्कड

नाही, फरक विजेच्या बिलात पडतो. जुन्या पद्धतीच्या मोटरला अडथळा आला की हवा कमी होते, आणि ते झरोक्यापाशी कळतं. नव्या ईसीएम मोटरमध्ये आतलं इलेक्ट्रॉनिक्स हवा तेवढीच ठेवायचा प्रयत्न करतं. त्यासाठी मोटर जास्त वेगाने फिरते आणि जास्त वीज खाते. म्हणून नव्या यंत्रात नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबू नका. आवाज वाढला, रिटर्नपाशी शिट्टीसारखा सूर यायला लागला तर समजा.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेला आकडा असा आहे की तुंबलेला फिल्टर बदलून स्वच्छ घातला तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्के कमी होऊ शकतो. तुमचा फिल्टर किती तुंबलाय यावर तो अवलंबून.

शेवंती

माझा मुद्दा थोडा वेगळा. मुलाला दमा आहे, म्हणून आम्ही मेर्व्ह १३ रेटिंगचा फिल्टर लावतो. १ इंचाचाच. बसवल्या दिवसापासून शिट्टी वाजते आणि टोकाच्या खोलीत हवा पोचत नाही. खालचा लावावा तर मुलाची काळजी. काय करावं?

पानापक्कड

ताई, आधी आकड्यांचा अर्थ सांगतो, मग उपाय.

मेर्व्ह हे अ‍ॅशरे या संस्थेच्या चाचणीतून मिळणारं रेटिंग आहे, १ ते १६. कणांचे तीन गट करून प्रत्येक गटातले किती टक्के अडले ते मोजतात: ०.३ ते १ मायक्रॉन, १ ते ३, आणि ३ ते १०. मेर्व्ह ८ तिसऱ्या गटातले, म्हणजे परागकणांचे तुकडे, जाडसर धूळ वगैरे, निदान ७० टक्के अडवतो. अगदी बारीक गटाबद्दल तो काहीच हमी देत नाही. मेर्व्ह ११ त्या बारीक गटातले निदान २० टक्के अडवतो, आणि मेर्व्ह १३ निदान ५० टक्के. धुराचे कण बहुतांशी १ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणून दमा आणि धूर दोन्हींसाठी १३ ची शिफारस होते. तुमची निवड चुकीची नाही.

चुकतंय ते जाडीत. १ इंचाच्या चौकटीत घड्या उथळ असतात, म्हणजे कागदाचं क्षेत्रफळ थोडं. त्या थोड्या कागदातून सगळी हवा ओढायची आणि कागदही दाट, म्हणून यंत्राला धाप लागते. तोच मेर्व्ह १३ जर ४ इंच जाडीचा असेल तर घड्या खोल, कागद कितीतरी पट जास्त, तेवढीच हवा सावकाश पसरून जाते. अडथळा कमी होतो आणि फिल्टर टिकतोही जास्त. १ इंचवाला साधारण १ ते ३ महिने, तर ४ इंचवाला ६ ते १२ महिने, हा फरक त्यामुळेच आहे.

बऱ्याच घरगुती यंत्रांच्या पाटीवर बाहेरच्या एकूण दाबाची मर्यादा ०.५ इंच पाणी अशी दिलेली असते, म्हणजे सुमारे १२५ पास्कल. डक्ट, झरोके, कूलिंग कॉइल, फिल्टर या सगळ्यांनी मिळून तेवढ्यात भागवायचं. एकट्या फिल्टरनेच त्यातलं निम्मं खाल्लं तर बाकीच्यांना उरणार काय? तुमच्या टोकाच्या खोलीत हवा न पोचण्याचं हे कारण असू शकतं.

तेव्हा जाणकाराकडून फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. जागा असेल तर ४ इंचाची पेटी बसवून घ्या. ते होईपर्यंत १ इंचात मेर्व्ह ८ किंवा ११ ठेवा आणि मुलाच्या खोलीत वेगळा हेपा प्युरिफायर चालवा. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि त्याचा पंखा वेगळा असल्याने मोठ्या यंत्रावर भार येत नाही.

शेवंती

मनापासून आभार. जाडीचा विचार आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. दाब मोजून घेते आणि इथे कळवते.

दूरवस्ती

मी फिल्टर बदलत नाही, व्हॅक्यूमने साफ करतो. वरची धूळ निघाली की पुन्हा पांढरा होतो. दोन-तीन वेळा सहज वापरता येतो. शिवाय मळलेला फिल्टर जास्त चांगला गाळतो असंही वाचलंय, तर उगाच फेकायची घाई कशाला?

गणितीकिडा

दूरवस्ती, ते वाक्य अर्धं खरं आहे.

नुसत्या तंतूंच्या जाळ्याने गाळणारा फिल्टर धूळ साचल्यावर जास्त बारीक गाळतो, कारण साचलेली धूळच गाळणी होते. पण घरात वापरायच्या घड्यांच्या फिल्टरमध्ये बऱ्याचदा विद्युतभारित कृत्रिम तंतू असतात. ते बारीक कण ओढून धरतात. तंतूंवर धुळीचा थर बसला की तो भार झाकला जातो, आणि वापराच्या सुरुवातीच्या टप्प्यात बारीक कणांसाठी त्याची क्षमता घटते. म्हणजे तुमचा मळका फिल्टर जाड धूळ छान अडवेल, पण शेवंतीताईंच्या मुलाला त्रास देणारे कण कदाचित सोडून देईल. आणि दोन्ही प्रकारांत हवेचा अडथळा वाढतच जातो.

पानापक्कड

आणि व्हॅक्यूमने वरचा केसांचा, धाग्यांचा थर जातो, तंतूंच्या आत रुतलेलं तिथेच राहतं. रंग उजळला म्हणून अडथळा गेला असं नसतं. ब्रशने घासताना कागदाला भोक पडलं तर हवा त्या भोकातून सरळ जाणार. पाण्याने तर घड्यांचा फिल्टर कधीच धुऊ नका, भार जातो, पुठ्ठा ढिला पडतो, चौकट वाकते. वेळप्रसंगी, नवा हाताशी नसताना, एखादा दिवस काढायला व्हॅक्यूम ठीक आहे. बिनफिल्टरचं चालवण्यापेक्षा ते बरं.

धुण्याचे म्हणून जे विकतात ते वेगळे. पण त्यांचं रेटिंग सहसा खूप खालचं असतं, ते यंत्र वाचवतात, फुप्फुसं नाही. आणि धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचे नाहीत, ओलसर फिल्टर काळोख्या डक्टमध्ये म्हणजे बुरशीला आमंत्रण.

दूरवस्ती

पटलं. घरात चार महिने जुना, तीनदा व्हॅक्यूम केलेला बसवलेला आहे. आजच काढतो.

चैत्रपान

आमच्याकडे डक्ट नाही, भिंतीवरचा स्प्लिट एसी आहे. त्याला हे सगळं लागू आहे का?

निळीशाई

माझ्या आईकडे स्प्लिट आहे, तो मीच सांभाळते. झाकण वर उचललं की प्लास्टिकच्या दोन जाळ्या दिसतात, त्या टाकायच्या नसतात, धुवायच्या. रोजचा वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी. आधी कोरडी धूळ व्हॅक्यूमने, मग कोमट पाण्याखाली, मागच्या बाजूने धार सोडायची म्हणजे धूळ बाहेर पडते, आत रुतत नाही. ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको, जाळी आक्रसते. वाळवायच्या सावलीत.

पानापक्कड

निळीशाई, अगदी बरोबर. फक्त एक भर घालतो. त्या जाळीने केस, धागे, जाड धूळ अडते. बारीक धूळ आत जातेच आणि ओल्या कॉइलवर, मागच्या गोल पंख्याच्या पात्यांवर चिकटते. म्हणून जाळी स्वच्छ असूनही हवा कमी आली किंवा कुबट वास आला तर कॉइल आणि पंख्याची साफसफाई करून घ्यायची वेळ झाली समजा. काही मॉडेलमध्ये जाळीवर छोटी जास्तीची पट्टी असते, तिचं माहितीपुस्तक वेगळं सांगतं, ती जाळीबरोबर सरसकट धुऊ नका.

आणि तुमच्या पहिल्या प्रतिसादाबद्दल: दर महिन्याला डोळे मिटून बदलण्याने यंत्राचं नुकसान नाही. पण वसंतात आणि शरदात, जेव्हा यंत्र जेमतेम चालतं, तेव्हा तुम्ही चांगले फिल्टर फेकताय. दर महिन्याला बघा, बदलायचा की नाही ते बघून ठरवा.

निळीशाई

बघून ठरवायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? राखाडी तर पंधरा दिवसांतच होतो.

पानापक्कड

चांगला प्रश्न, इथेच लोक फसतात. राखाडी होणं हे त्याचं कामच आहे. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. घड्यांच्या टोकांवर धूळ आहे पण दऱ्यांतून उजेड येतोय, तर अजून चालेल. घड्यांच्या मधल्या फटीच बुजल्या, धुळीचा सलग थर झाला, उजेड येईना, तर बदला. चौकट आत वाकली असेल तर तुम्ही उशीर केलाय. दाट कागदाच्या मेर्व्ह १३ मधून नवा असतानाही उजेड कमीच येतो, तेव्हा त्याची तुलना शेजारी धरलेल्या नव्याशी करा.

मागची बाजूही बघा. यंत्राकडच्या बाजूला कडेने काळे पट्टे दिसले तर हवा फिल्टरला वळसा घालून जातेय. बहुधा माप चुकलेलं असतं. खोक्यावरचं २० बाय २५ बाय १ हे बोलायचं माप, खरा फिल्टर लांबीला आणि रुंदीला एकूण पाव ते अर्धा इंच लहान आणि जाडी पाऊण इंचाच्या आसपास असतो. एका ब्रँडचा घट्ट बसतो, दुसऱ्याचा खुळखुळतो. जुन्या चौकटीवरचं खरं माप वाचूनच नवा आणा.

थर्मोस्टॅटवर 'फिल्टर बदला' अशी सूचना येत असेल तर ती पंख्याचे तास मोजते की नुसते दिवस, ते एकदा सेटिंगमध्ये बघून घ्या. तास मोजणारी असेल तर उपयोगाची. आणि पंखा 'ऑन'वर ठेवलात तर तो गार-गरम काही करत नसतानाही चोवीस तास चालतो, फिल्टर त्या हिशेबाने लवकर भरणार. दमट हवेत 'ऑन'चा आणखी एक तोटा, कॉइलवर जमलेलं पाणी वाहून जायच्या आत पुन्हा घरातल्या हवेत मिसळतं.

आजूबाजूला वणवा किंवा दाट धूर असेल तर महिन्याचा हिशेब सोडून द्या, दर दोन-चार दिवसांनी बघा. धुराने मळलेला फिल्टर गोधडीसारखा दिसत नाही, नुसता तपकिरी पडतो, आणि वास येतो.

चैत्रपान

अवांतर: फिल्टरवरचा बाण कुठल्या दिशेला? भावाच्या घरी रिटर्नच्या जाळीत एक आणि यंत्रापाशी दुसरा, असे दोन सापडले. दोन्हींचे बाण खोलीकडे.

पानापक्कड

बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे ब्लोअरकडे (यंत्रातल्या पंख्याकडे). उलटा बसला तर मागची आधाराची जाळी पुढे येते आणि कागद दाबाने सुटू शकतो. आणि दोन फिल्टर एकापुढे एक नकोत, एकच ठेवा. दोन्ही जागा असतील तर यंत्रापाशी फिल्टर राहिला की डक्टच्या फटींतून शिरलेली धूळही अडते, जाळीपाशी राहिला की डक्टही स्वच्छ राहतो आणि हात सहज पोचतो. ज्या जागी बदलायचा तुम्हाला कंटाळा येणार नाही ती जागा निवडा. यंत्रापाशीची खाच रिकामी ठेवणार असाल तर तिचं झाकण मात्र घट्ट लावा.

शेवंती

दाब मोजून घेतला. एकट्या फिल्टरचा ०.३४ इंच! मोजणाऱ्यानेच दोनदा मोजला. आता मेर्व्ह ८ लावलाय, मुलाच्या खोलीत हेपा चालू आहे. शिट्टी गेली आणि टोकाच्या खोलीत पडदा हलायला लागला. ४ इंचाच्या पेटीसाठी जागा आहे, पुढच्या महिन्यात बसवणार.

ओलीमाती (धागाकर्ती)

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काय केलं ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल.

बसवताना चौकटीवर जाड पेनने तारीख लिहिते. दर दोन आठवड्यांनी काढून खिडकीसमोर धरते आणि फोनमध्ये फोटो ठेवते. पहिला फिल्टर, ऐन उन्हाळ्यात, कुत्र्याचे केस गळायच्या दिवसांत, ४१ दिवस गेला. दुसरा, कुत्र्याला रोज बाहेर नेऊन विंचरायला लागल्यावर, ५६ दिवस. तिसरा गुलाबी हवेच्या दिवसांत बसवला, यंत्र जेमतेम चालत होतं, तो ११० दिवसांनीही उजेड दाखवत होता. थंडी सुरू व्हायच्या आधी मात्र बदलला.

आत्ता लावलेल्याचा आज ५२वा दिवस. काढून बघितला, टोकांवर राखाडी, दऱ्यांत अजून पांढरं. बाण ब्लोअरकडे करून परत बसवला, दोन आठवड्यांनी पुन्हा काढणार आहे.